पाळी नसताना गेलेले रक्त



या अंकासाठी घेतलेला विषय रविवारच्या उपासनेनंतर चहा घेताना कोणी काढत नाही. महिला मंडळातही तो निघतो सगळ्यात शेवटी, चपला घालताना, आणि तोही "सिस्टर, जरा एक विचारायचं होतं" अशा हळू आवाजात. दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावरून रक्त जाणे, हा तो विषय. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या दवाखान्यात येणाऱ्या माडिया आणि गोंड बायका ज्या संकोचाने तो सांगतात, त्याच संकोचाने पुण्या-नगरच्या शिकलेल्या भगिनींनी मला फोनवर सांगितला आहे. तेव्हा हा लेख जंगलातल्या बायकांविषयी आहे असे समजून कोणी पान उलटू नये. पुरुष वाचकांनी तर मुळीच उलटू नये. बाईला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे पुष्कळ घरांत तेच ठरवतात.

आपल्या बोलण्यात दोन शब्दप्रयोग आहेत. एक "अंगावरून जाणे" आणि दुसरा "अंगावर काढणे". पहिला आजार, दुसरा त्यावरचा आपला नेहमीचा उपाय. हा दुसरा उपाय बंद व्हावा एवढ्यासाठीच मी लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी ऐन रोवणीच्या दिवसांत आशाताई एका बाईला घेऊन आल्या. वय पस्तिशीच्या आसपास, तीन मुले. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. ती माडियात बोलत होती आणि आशाताई मला मराठीत सांगत होत्या. तक्रार एवढीच, की चक्कर येते, भात लावताना बांधावर बसावे लागते. पाळीचे विचारले तर उत्तर आले, "बरोबर आहे." पुन्हा विचारले, तेच उत्तर. मग आशाताईच माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "बाई, ही या महिन्यात दोनदा कुर्मात बसली."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बाई घरी राहत नाही. गावाच्या कडेला कुर्माघर असते, तिथे ती राहते. बहुतेक ठिकाणी ती एक लहानशी झोपडी असते. जेवण घरून कोणीतरी आणून देते. अलीकडे काही गावांत न्हाणीघर आणि पलंग असलेली पक्की घरे बांधली गेली आहेत, पण पावसाळ्यात गळणाऱ्या झोपड्या अजून पुष्कळ आहेत. नियम साधा आहे: रक्त दिसले की कुर्मा. आता ज्या बाईला महिन्यात दोनदा, तीनदा रक्त दिसते तिने काय करावे? रोवणी चालू आहे, लहान मूल आहे, सासू म्हातारी आहे. एक तर तिने लपवायचे, नाही तर अर्धा महिना झोपडीत काढायचा. लपवले तर कोणालाच कळत नाही. नाही लपवले तर सगळ्या गावाला कळते, पण डॉक्टरला कळत नाही. या बाईने मधला मार्ग काढला होता. दोनदा बसली आणि उरलेले दिवस लपवले.

याला नावे ठेवण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही. आपल्या आजी-पणजीही "बाजूला" बसत होत्या, आणि ख्रिस्ती झाल्यावर ते बसणे गेले तरी न बोलणे गेले नाही. खरे तर बायबल याबाबतीत आपल्यापेक्षा मोकळे आहे. लेवीयाच्या पंधराव्या अध्यायात नेहमीच्या पाळीचे रक्त आणि पाळीची वेळ नसताना जाणारे रक्त यांत स्पष्ट फरक केलेला आहे. एवढ्या जुन्या काळी लोकांना हा फरक ठाऊक होता. आणि मार्कच्या पाचव्या अध्यायातली ती स्त्री, बारा वर्षे रक्तस्रावाने त्रासलेली, तिच्याविषयी शुभवर्तमान लिहिणारा एक गोष्ट मुद्दाम सांगतो: तिने पुष्कळ वैद्य केले, असेल नसेल ते सगळे खर्च केले, आणि ती बरी न होता उलट अधिकच आजारी झाली. त्या ओळीकडे मी पुढे परत येणार आहे.

माडिया बाईच्या बाबतीत शेवटी काय निघाले? तपासणीच्या टेबलावर झोपवून आतून पाहिले तर गर्भाशयाच्या तोंडाशी द्राक्षाएवढा लालसर कोंब लोंबत होता. याला पॉलिप म्हणतात. कापूस लागला तरी त्यातून रक्त येत होते. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी तो दहा मिनिटांत काढला, तुकडा तपासणीला पाठवला, तो साधा निघाला. मग तीन-चार महिने लोहाच्या गोळ्या. दहा मिनिटांच्या कामासाठी ती किती महिने रक्त घालवत होती हे तिला नक्की सांगता आले नाही. "मागच्या तेंदूपत्त्याच्या आधीपासून," एवढेच म्हणाली. म्हणजे वर्षाहून जास्त.

ती एकटी नव्हती. याच जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती आणि तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना गर्भाशयाचा, पाळीचा किंवा योनीमार्गाचा काही ना काही आजार निघाला, तोही सरासरीने एकीला तीनहून अधिक. आणि त्याआधी कधी या कारणासाठी तपासणी किंवा उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ज्या काळी गावातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच समजले जाई, त्या काळी हे आकडे जगाने पाहिले. आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. आशाताई आहेत, उपकेंद्रे आहेत, रस्ते आहेत. पण टेबलावर झोपून आतून तपासून घेणे, ही गोष्ट अजून फार थोड्या बायकांच्या वाट्याला येते.

आता मूळ प्रश्न. कोणते रक्त नेहमीचे आणि कोणते नव्हे?

पाळी आली तो पहिला दिवस. तिथपासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचे. पुष्कळजणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि मग "माझी पंधरा-वीस दिवसांतच येते" असे सांगतात. तसे मोजू नये. हे अंतर २१ ते ३५ दिवसांचे असेल तर ते ठीक. एखाद्या महिन्यात चार दिवस मागेपुढे झाले तरी ठीक. रक्त दोन दिवसांपासून सात दिवसांपर्यंत जाणे ठीक. मुलीला नुकतीच पाळी सुरू झाली असेल तर पहिली दोन-एक वर्षे अंतर कमीजास्त राहते, त्याने घाबरून जाऊ नये. काहीजणींना दोन पाळ्यांच्या बरोबर मध्यावर, बीज सुटते त्या सुमारास, एक-दोन दिवस कपड्याला डाग लागण्याइतके रक्त दिसते. तेही निरुपद्रवी.

याखेरीज मधल्या दिवसांत जे दिसते, संबंधानंतर जे दिसते आणि पाळी कायमची थांबल्यावर जे दिसते, त्याला कारण असते आणि ते शोधावे लागते. कारण पुष्कळदा अगदी साधे निघते. पण साधे आहे की नाही हे घरी बसून ठरवता येत नाही.

अशी बाई आली की मी पहिला प्रश्न विचारते: दिवस गेले असण्याची शक्यता आहे का? बायका कधीकधी रागावतात, "बाई, माझी पोरगी लग्नाला आली!" तरीही लघवीची तपासणी करते. आशाताईंकडे निश्चय नावाचे किट असते, पाच मिनिटांत उत्तर मिळते. गर्भ राहिलेला असताना होणारा रक्तस्राव बाई पाळीच समजून बसते, असे कितीदा झाले आहे. त्यातला एक प्रकार जिवावर बेततो. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहतो आणि वाढता वाढता नळी फुटते. रक्त बाहेर थोडेसेच दिसते, पण आत पोट रक्ताने भरत असते. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, घेरी, अंग गार पडणे, कधी खांद्यातही दुखणे. असे झाले तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. १०८ ची गाडी बोलवायची, नाही मिळाली तर मिळेल त्या वाहनाने जिथे शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्ही मिळते तिथे पोहोचायचे.

दुसरा प्रश्न कुटुंबनियोजनाच्या साधनाचा. सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून 'अंतरा' इंजेक्शन मिळते, तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे. चांगले साधन आहे, पण पहिल्या काही महिन्यांत त्याने पाळीचे वेळापत्रक विस्कटते. कधी आठ-आठ दिवस डाग, कधी महिनोन्‌महिने काहीच नाही. हे धोक्याचे नाही आणि बहुधा आपोआप बसते. पण सुई देताना हे कोणी सांगितले नसेल तर बाई घाबरते, एकदा घेऊन पुन्हा येत नाही, आणि पुढच्या वर्षी नको असलेले बाळंतपण घेऊन येते. तांबी बसवल्यावरही पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, मध्ये डाग दिसतात. रोजची गोळी चुकली तरी दिसतात. आणि दुकानातून आणलेली, दुसऱ्या दिवशी घ्यायची ती गोळी महिन्यात दोन-तीनदा घेणाऱ्या शहरातल्या मुली आहेत; त्यांनी पाळी बिघडल्याचे आश्चर्य मानू नये. ती गोळी अडचणीच्या वेळेसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही.

मग जंतुसंसर्ग. गर्भाशयाचे तोंड सुजले की त्यातून रक्त येते. सोबत वास येणारे पांढरे-पिवळे पाणी, ओटीपोटात दुखणे, कधी ताप. औषधाने हा आजार पूर्ण बरा होतो, पण नवऱ्यानेही औषध घ्यावे लागते. इथे गाडी अडते. "मला काय झालंय?" असे म्हणून तो गोळ्या खिशात घालून निघून जातो आणि दोन महिन्यांनी ती पुन्हा आजारी पडते. आमच्या भागातले तरुण हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जातात, महिना-दोन महिन्यांनी परततात. काय काय घेऊन परततात ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नसते. मी नवऱ्याला आता वेगळे बसवून समजावते, बायकोसमोर नाही. तेवढ्याने फरक पडला आहे.

पिशवीतल्या गाठी, थायरॉइडचे कमीजास्त होणे, बीजकोशांतला बिघाड, रक्त न गोठण्याचा जन्मजात दोष अशी आणखीही कारणे आहेत. शेवटचे कारण वयात येणाऱ्या मुलीत आठवावे. पहिल्या पाळीपासूनच रक्त थांबत नसेल आणि हिरड्यांतून, नाकातूनही येत असेल तर रक्ताची तपासणी करून घ्यावी. गाठ आहे म्हणजे कॅन्सर आहे, असेही समजू नये. गर्भाशयातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात.

आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. सिकलसेलमुळे मध्येच रक्त जाते असे नव्हे. पण जिचे रक्त मुळातच कमी तिला हा जादाचा स्राव दुप्पट महाग पडतो. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत ५७ जणींना रक्तक्षय आहे, हे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदले आहे. आपण गोळ्या वाटतो, पालेभाज्या खा म्हणून सांगतो. मडक्याला खालून भोक असेल तर वरून पाणी ओतत राहून काय उपयोग, हे मात्र विचारायचे राहून जाते.

मीही ते विचारायला विसरले होते, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचेचाळिशीची एक बाई दर महिन्याला गोळ्या न्यायला येई. अतिशय कष्टाळू आणि बोलायला गोड. एकदा म्हणाली होती, "बाई, पाळी गेल्यासारखी वाटते आणि मधेच पुन्हा दिसते. नवऱ्याजवळ गेलं की तर दिसतेच." मी म्हटले, "या वयात असं होतंच, जाण्याची वेळ आली." तपासणीचे टेबल तेव्हा भांडारखोलीत होते आणि त्यावर औषधांची खोकी रचलेली होती. वीज गेलेली होती. बाहेर तीस माणसे बसलेली होती. मी गोळ्या दिल्या. पुढच्या महिन्यात दिल्या, त्याच्या पुढच्या महिन्यातही दिल्या. आठ महिने. शेवटी वासाचे पाणी जायला लागले म्हणून तिला टेबलावर घेतले, तेव्हा गर्भाशयाचे तोंड फुलकोबीच्या गड्ड्यासारखे झालेले होते. नागपूरला नेले. शेक दिला. त्यानंतर ती दीड वर्ष जगली. तिच्या घरच्यांनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही, कारण मी काय करायला हवे होते हे त्यांना ठाऊकच नव्हते.

पाळी जायच्या वयात पाळ्यांमधले अंतर वाढते, रक्त कमीजास्त होते, हे खरे. पण संबंधानंतर रक्त येणे हा वयाचा बदल नाही. ते कुठल्याही वयात, एकदा जरी पुन्हा घडले, तरी आतून पाहायलाच हवे.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो. एचपीव्ही त्याचे नाव. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना या शोधासाठी २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तो संबंधांतून पसरतो आणि आयुष्यात कधी ना कधी तो बहुतेक स्त्री-पुरुषांना होऊन जातो, तेव्हा यात कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करायला जाऊ नये. बहुतेकजणींच्या शरीरातून तो आपणच निघून जातो. थोड्याजणींमध्ये ठाण मांडतो आणि मग कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढा मोठा अवधी मिळतो, आणि या अवधीत तो सापडला तर थोडक्यात बरा होतो. म्हणूनच हा आजार अंगावर काढून कोणी मरते याचे इतके वाईट वाटते.

तो शोधण्याची रीत इतकी साधी आहे की सांगितल्यावर बायकांचा विश्वास बसत नाही. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि दिव्याच्या उजेडात पाहायचे. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख स्त्रियांमध्ये याचा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका होत्या. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, खेड्यांतल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात असे दिसले, की विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली तरी मृत्यू निम्म्यावर येतात. हे आपल्याच मराठी मुलखात सिद्ध झाले. तरीही वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत ही तपासणी कधी झालेल्या दोनसुद्धा भरत नाहीत. तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कामात आहे, जाऊन मागावी. मुलींसाठी लसही आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ मध्ये आली. नऊ ते चौदा वर्षांच्या वयात ती देणे सर्वांत चांगले.

एक खुलासा. ही तपासणी काही त्रास नसलेल्या स्त्रियांसाठी आहे. जिला रक्त दिसते आहे तिने शिबिराची वाट पाहायची नसते. तिने आत्ताच जायचे. तसेच पाळी थांबून वर्ष झाले आणि मग रक्ताचा एक डाग जरी पडला, तरी दाखवायचे. अशा दहाजणींत साधारण एकीला गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघतो. उरलेल्या नऊजणी निश्चिंत होऊन घरी येतात. आपण त्या नऊंतल्या की दहावी, हे तपासल्यावरच कळते.

आता मार्कमधल्या त्या ओळीकडे येते, पुष्कळ वैद्य आणि सगळा खर्च. आपल्या राज्यात याची आजची आवृत्ती बीड जिल्ह्यात पाहायला मिळाली. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहातली एक. त्यांत अगदी तरुण बायकाही होत्या. फडावर एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. पाळी, पांढरे पाणी, मध्येच जाणारे रक्त या सगळ्यावर एकच इलाज सांगितला गेला: पिशवी काढून टाका, नाही तर कॅन्सर होईल. कर्ज काढून बायकांनी शस्त्रक्रिया करून घेतल्या आणि ते फेडायला पुन्हा ऊस तोडायला गेल्या.

पिशवी कधीच काढू नये असे मी म्हणत नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, इतर उपाय करूनही रक्त थांबत नसेल तर काढावी लागते आणि बाई सुखी होते. पण तो शेवटचा उपाय. त्याआधी रक्त कमी करण्याच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, हार्मोन असलेली तांबी आहे, पॉलिप काढणे आहे, जंतूंवरचे औषध आहे. पंचेचाळीस वर्षांपुढच्या बाईत आतल्या अस्तराचा तुकडा तपासून मगच ठरवतात. पिशवीबरोबर तरुण वयात बीजकोशही काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयाचे संरक्षण जाते. तेव्हा कोणी पहिल्याच भेटीत, आतून न तपासता, नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून पिशवी काढायला सांगत असेल, तर कागद घ्यावा, नमस्कार करावा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावा.

तपासणीची भीती पुष्कळजणींना वाटते, म्हणून तेही सांगते. पाठीवर झोपायचे, गुडघे वर घ्यायचे, अंगावर चादर असते. एक साधन आत घालून योनीमार्ग थोडा उघडतात, म्हणजे गर्भाशयाचे तोंड दिसते. जरा दडपल्यासारखे वाटते. दुखले तर "थांबा" म्हणायचा हक्क असतो. पाच मिनिटे. सोबत आई, बहीण, आशाताई, कोणीही थांबू शकते. कुमारिकेची अशी तपासणी करत नाहीत, तिच्या पोटावरून सोनोग्राफी करतात. रक्त चालू असले तर जायचे नाही हा एक गैरसमज आहे. कुर्मातली बाई तर त्या दिवसांत गावाबाहेर पडायलाच तयार नसते. थोडे रक्त असताना पाहता येते, डॉक्टरांना त्याची किळस वाटत नाही. आणि तासाला एक घडी भिजत असेल, दहाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत असतील, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तारीख-वार न पाहता निघायचे.

जाताना एकच गोष्ट बरोबर न्यावी: तारखा. शहरातल्या भगिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी, पाळीला फुली आणि मधल्या रक्ताला टिंब. आमच्याकडे ज्यांना वाचता येत नाही त्यांना आम्ही जाड दोरा देतो. रोज एक गाठ मारायची, रक्ताच्या दिवशी गाठीत लाल धागा अडकवायचा. डॉक्टरांनी प्रथम पाहिला तेव्हा ते हसले होते. आता तेच विचारतात, "दोरा आणला का?"

तुमच्यातील अनेकजण पत्रांत विचारता, काय पाठवू? कापड, पॅड, लोहाच्या गोळ्या येतात, आणि त्या लागतातही. तपासणीचे टेबल भांडारखोलीतून बाहेर आले आहे, त्याला पडदा लागला आहे, आणि तुम्ही नाताळात पाठवलेल्या देणगीतून बॅटरीवर चालणारा दिवा घेतला आहे. आता अडचण आहे ती पुढच्या प्रवासाची. गडचिरोलीला जायचे म्हणजे जीपचे भाडे, सोबतीला एक बाई, तिची बुडालेली मजुरी, आणि घरी राहिलेल्या मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय. उपचार फुकट असला तरी या चार गोष्टी फुकट नसतात, आणि बहुतेक बायका तिथेच अडतात. शक्य असेल त्यांनी देणगीच्या पाकिटावर "सोबतीचे भाडे" असे लिहावे.

पॉलिप काढलेली ती माडिया बाई या जूनमध्ये पुन्हा दवाखान्यात आली. चेहऱ्यावर रंग होता. स्वतःसाठी नाही, धाकट्या जावेला घेऊन आली होती. जाऊ खाली मान घालून बसली. मी पाळीचे विचारले. आशाताईंनी उत्तर सांगितले, "बरोबर आहे म्हणते."

त्यावर मोठी जाऊ एकदम काहीतरी बोलली आणि आशाताई हसू लागल्या.

"काय म्हणते?"

"म्हणते, खोटं सांगते. दोनदा बसली. टेबलावर घ्या."